होडीवाल्याच्या घरातली शांतता

चिझुरु माझी धाकटी नणंद. आमच्या ओसाकातल्या हिरानोच्या बाजारगल्लीत तिला सगळे चिडकी म्हणत, आणि म्हणणाऱ्यांत आमचे हेही होते, तिचे सख्खे भाऊ. मला त्या म्हणण्याचाच राग येई, अजून येतो. ही बाई विनाकारण चिडली असा एक दिवस कोणी मला दाखवावा. कारणं लोकांनी पुरवायची आणि नाव हिचं खराब करायचं, असा तो प्रकार. मी रोज सकाळी बुद्धासमोर भात ठेवल्याशिवाय घास घेत नाही, कोणाविषयी मनात वाईट आणू नये हे मला ठाऊक आहे. पण जे झालं ते झालं, आणि ते गोड करून सांगायला मी बसलेली नाही.

सासऱ्यांचं चटया विणायचं दुकान होतं. घरात वाद्य म्हणून काही नव्हतं. देवळाच्या बालवाडीत पायाने हवा भरायचा एक ऑर्गन होता, त्यावर चिझुरु शिकली, आणि पुढे स्टेशनजवळच्या वाद्यांच्या दुकानात मुलांना शिकवू लागली. तिशी उलटली तरी लग्न नाही म्हणून सासूबाई तोंड पाडून बसत. अशात एके दिवशी त्या दुकानात एका छोट्या कंपनीचा माणूस आला. टीव्हीला जोडून खेळायचे व्हिडिओ गेम करणारी कंपनी. त्यांना चाली बांधणारं कोणी हवं होतं. चिझुरुने दुसऱ्याच दिवशी शिकवणी सोडली.

"मुलांच्या खेळण्यात बाजा वाजवणार?" हे म्हणाले.

"दादा, तू चटया विणतोस त्यावर लोक पाय देतात. मी काही बोलले?"

पहिली चाल तिने घरी आणून ऐकवली तेव्हा हे म्हणाले, टीव्हीत मच्छर गातोय. ती जी चिडली! त्या यंत्रातून एका वेळी तीनच सूर निघत, चौथा नुसता खरखरे. त्या तिघांत तिने समुद्र करायचा, लढाई करायची, राजवाडा करायचा. "तीन माणसांचं घर चालवते मी," ती मला म्हणाली, "एकाने शिंकलं तरी चाल मोडते." शिंकणं म्हणजे खेळणाऱ्याने बटण दाबल्यावरचा टुक आवाज. तो वाजला की तिनांतला एक सूर तेवढ्यापुरता गायब होई. म्हणून ती चाल अशी बांधायची की एक माणूस उठून गेला तरी घर उभं राहावं.

कंपनीत तिच्या टेबलाला आणखी दोघं होते. गोष्ट आणि संवाद लिहायचे मोरिवाकी. साठीकडे झुकलेले, आधी एका वर्तमानपत्रात मृत्यूच्या बातम्या लिहायचे. चित्रं काढायचा नागुरा, तिशीचा, तोंडाळ. तो आधी क्योतोच्या विणकरांसाठी चौकटीच्या कागदावर एकेक घर रंगवून नक्षी काढायचा. गेममधलं चित्रही तसंच ठिपक्याठिपक्यांचं, म्हणून इथे आला. सत्त्याऐंशी सालच्या वसंतात या तिघांनी एका मोठ्या गोष्टीच्या गेमला हात घातला. चार जण राक्षसाला मारायला निघतात, गावोगाव फिरतात, तसला. गेमची कॅसेट छोटी, आतली जागा मोजकी, आणि तीच जागा तिघांनी वाटून घ्यायची. एकाने जास्त घेतली की दुसऱ्याचं पोट रिकामं. रोज भांडणं.

त्या गेममध्ये एक होडीवाला होता. नदी लागली की तोच. प्रत्येक वेळी एवढंच म्हणायचा, "नदी शांत आहे. चला." आणि त्याची एक छोटी चाल वाजायची. गोष्ट संपत आली की ते चौघं नदीवर येतात तर होडी रिकामी. झोपडीत जावं तर त्याची बायको बसलेली.

या प्रसंगासाठी मोरिवाकींनी पानभर विलाप लिहिला होता. नागुराने बाईचा रडका चेहरा काढला होता, गालावरच्या थेंबासकट. चिझुरुने तीन सुरांचं शोकगीत बांधलं होतं. तिन्ही मिळून कॅसेटमध्ये मावेना. आठवडाभर भांडले. मग नागुराने कागद फाडला आणि बाईला पाठमोरी केली. पाठ काढायला काय लागतं? मोरिवाकींनी पान खोडत खोडत एक वाक्य ठेवलं: "आज होडी नाही." चिझुरुने शोकगीत टाकून दिलं. होडीवाल्याचीच चाल घेतली आणि दोन सूर काढून टाकले. एकटा वरचा सूर राहिला.

पण बाईच्या वाक्यानंतर ती चाल लगेच वाजायची नव्हती. सासऱ्यांच्या वर्षश्राद्धाला चिझुरु आमच्याकडे आली होती. देव्हाऱ्यातल्या पितळी वाटीवर मी दांडी मारली. आमच्यात तो नाद पुरता विरेपर्यंत कोणी बोलत नाही, मग पाठ सुरू करायचा. नाद विरला, मी सुरू केलं, आणि ही तशीच हात जोडून बसलेली.

"काय गं?"

"वहिनी, बाबा आत्ता इथे होते. तू तोंड उघडलंस आणि गेले."

तेच तिने गेममध्ये घातलं. बाई म्हणते, आज होडी नाही. वाटीचा एक नाद. मग काही नाही. चाल नाही, अक्षर नाही, बटणंही बंद. नाद घरात विरायला लागतो तितका वेळ. नंतर तो एकटा सूर. तिने मला ऑफिसमधून कॅसेट आणून दाखवलं तेव्हा मी पदराने डोळे पुसावेत तसे एप्रनने पुसले, आणि भाताचं झाकण काढायचं विसरले.

गेम शरद ऋतूत दुकानांत आला. आणि कंपनीचे फोन वाजायला लागले. कॅसेट खराब आहे. मध्येच मरते. मुलांचा महिन्याभराचा खेळ पुसला गेला.

कॅसेट अजिबात खराब नव्हती. झालं असं की त्या काळी यंत्र अडलं की मुलं एकच उपाय करत. कॅसेट उपसायची, खालच्या फटीत फूऽ करून फुंकर मारायची, परत खुपसायची. सगळ्या देशातली मुलं हेच करायची, कोणी शिकवलं देव जाणे. होडीवाल्याच्या घरात आवाज थांबला, बटणं चालेनात, की मुलांना वाटायचं यंत्र गेलं. चालू यंत्रातून कॅसेट उपसली की आत साठवलेला सगळा खेळ पुसला जाई.

विभागप्रमुख शिबुतानी. त्या माणसाने आयुष्यात एक ठिपका काढला नाही की एक ओळ लिहिली नाही. त्याने चिझुरुला सगळ्यांसमोर उभं केलं. "शांतता विकत घ्यायला कोणी दुकानात जातं का, बाई? दुसरी खेप कारखान्यात जायची आहे. ते भोक बुजवा. तुम्ही नाही बुजवलं तर दुसरा कोणी काहीतरी वाजवेल तिथे. आणि तोवर दुकानदारांची माफी मागून या." गेम मंजूर करताना हाच त्या शांततेला 'भारदस्त' म्हणाला होता. मोरिवाकींनी मला स्वतः सांगितलं हे.

माफी मागायची म्हणजे आमच्याकडे गोड वड्यांचा डबा घेऊन दारोदार वाकायचं. आमच्याच गल्लीतल्या सेगावा मावशींच्या खेळण्यांच्या दुकानात जायची वेळ आली तेव्हा चिझुरु मला म्हणाली, "वहिनी, तू चल. एकटी गेले तर मी त्यांना डबा फेकून मारेन."

सेगावा मावशींनी आम्हाला दारातच घेतलं. "या, या. कॅसेट परत, कॅसेट परत! हे खेळण्यांचं दुकान आहे की धोब्याचं? आणि तुमच्या घरची मुलगी हे धंदे करते होय? चटईवाले आजोबा असते तर शरमेने चटईखाली गेले असते!"

"क्षमा असावी," चिझुरु कमरेत वाकून म्हणाली. तिची मान मागून लाल झालेली मला दिसली.

"मला काय सांगतेस? हिला सांग." मावशींनी पुढे ढकललं ते सार्वजनिक न्हाणीघरवाल्यांच्या नोदोकाला. नऊ-दहा वर्षांची, केस ओले, हाताची घडी.

"अचानक मेलं ते," नोदोका म्हणाली.

"मग तू काय केलंस?"

"काय करणार? काढलं नि फुंकलं."

"चालू असताना?"

"चालू कुठे? मेलं होतं ना!"

"मेला होता तो होडीवाला!" चिझुरु ओरडली. "यंत्र नाही! होडीवाला मेला होता!"

मावशींचं तोंड उघडं राहिलं. नोदोकाची हाताची घडी सुटली.

"होडीवाला मेला?" ती म्हणाली. आणि ती भोकाड पसरून रडायला लागली. तिला माहीतच नव्हतं. महिनाभर ज्याच्या होडीतून फिरली तो गेल्याची बातमी तिला दुकानात उभ्या असलेल्या एका संतापलेल्या बाईकडून कळली.

चिझुरु तिच्यासमोर जमिनीवर बसली. या वेळी ती वाकली ती कंपनीसाठी नव्हे. मग पिशवीतून तपासणीची कॅसेट काढली, मावशींच्या दुकानातल्या टीव्हीला लावली आणि नोदोकाच्या हातात बटणं दिली. "खेळ. मला बघू दे."

नोदोका नाक ओढत झोपडीत गेली. आज होडी नाही. वाटीचा नाद. शांतता. आता हिला ठाऊक होतं ना? तरी हिचा हात कॅसेटकडे गेला. चिझुरु तिच्या मागे बसून पडद्याकडे बघत होती. नोदोकाच्या डोक्याच्या उंचीवरून, तिच्यासारखं डोकं कलतं करून.

"चित्रसुद्धा मेलंय," ती हळूच म्हणाली. आणि उठून तरातरा निघाली ती थेट कोपऱ्यावरच्या फोनकडे.

त्या संध्याकाळी नागुरा आणि मोरिवाकी आमच्या घरी. आमचे हे गल्लीच्या सभेला बोलावल्यासारखे शेजारी पळाले. मी रजई घातलेल्या शेगडीच्या टेबलाभोवती चहा मांडला आणि तिघं एकमेकांवर तुटून पडले.

"तुझी पाठमोरी बाई मेलेली आहे," चिझुरु.

"माझी बाई? तुमच्या सुरांनी जीव सोडला आणि पाप माझ्या बाईच्या पाठीवर?" नागुरा. "काय करू, शेपूट लावून हलवू तिला?"

"मी दोन वाक्यं वाढवतो," मोरिवाकी म्हणाले. "'यंत्र बिघडलेलं नाही, कृपया थांबा.'"

"वर्तमानपत्रात असंच लिहायचात का? 'अमुक वारले, कृपया दचकू नका'?"

"बाई, मी तीस वर्षं..."

"तीस वर्षं मेलेल्यांची नावं लिहिलीत आणि आता एका म्हाताऱ्याला धड मरू देत नाही!"

मोरिवाकींनी सिगरेट पेटवली. मी तिथेच त्यांना थांबवलं. "देव्हाऱ्यासमोर नको हं." ते ओशाळले. सिगरेट विझवली, उठले, आणि पाहुण्याने करायचं ते केलं. सासऱ्यांच्या फोटोला वाकले, उदबत्ती मोडून आमच्या पद्धतीने राखेत आडवी ठेवली आणि वाटीवर दांडी मारली.

नाद झाला की भांडण कितीही पेटलेलं असो, हात जोडायचेच. चिझुरुचं तोंड अर्धं उघडं होतं, तसंच मिटलं. नागुरानेही शिवी गिळली. खोलीत चौघं जण हात जोडून, एकमेकांवर दात खात, नाद विरायची वाट बघत बसलो.

नागुराने डोळे सगळ्यांत आधी उघडले. राखेतून धूर वर जात होता. सरळ, मग थोडा डावीकडे, मग सरळ.

"हलतंय," तो म्हणाला. आणि लगेच, चिडूनच, "चिझुरुबाई, आधी सांगायला काय झालं होतं तुमच्याकडे उदबत्ती असते म्हणून?"

त्याने चौकटीचा कागद मागितला. माझ्याकडे नव्हता, तर मुलांच्या गणिताच्या वहीचं पान घेतलं. बाईच्या पुढ्यात एक रक्षापात्र, वर धूर. धुराची दोन चित्रं, आलटून पालटून. बाई पाठमोरीच. अक्षर नाही, सूर नाही. पण खोली जिवंत. चिझुरु टेबलावर बोटाने एकटा सूर वाजवत होती, मोरिवाकी ओठांत वाक्य पुटपुटत होते. मला चाल नुसत्या बोटांवरून ऐकू आली.

मग प्रश्न आला जागेचा. कॅसेट काठोकाठ भरलेली. चिझुरु म्हणाली, माझी वाळवंटाची चाल काढा.

"डोकं फिरलंय?" नागुरा म्हणाला. "वाळवंटात मी एकच चौकट सगळीकडे चिकटवलीय. ते वाळवंट वाटतं ते तुमच्या चालीने. ती गेली की नुसती पिवळी फरशी."

मोरिवाकी म्हणाले, धर्मशाळेच्या म्हातारीची बडबड काढतो. तर चिझुरु उसळली. ती बडबड आहे म्हणून रात्रीची अंगाई लागते, नाहीतर अंगाई कोणासाठी? नागुराने स्वतःचा एक राक्षस काढून टाकायला घेतला, तर मोरिवाकींनी त्याचा हात धरला. त्या राक्षसावर पुढचा अख्खा राजवाडा उभा होता. कुठलीही वीट काढा, दुसऱ्याचं छप्पर खाली येत होतं. एकच गोष्ट अशी होती जिच्यावाचून गेममध्ये कोणाचं काही अडत नव्हतं. शेवटी येणारी करणाऱ्यांची नावं.

नावं तरी कसली? दुसऱ्या कंपन्यांनी माणसं पळवू नयेत म्हणून तिथे टोपणनावंच घालत. चिझुरु होती 'बांबूचा कोंब', नागुरा 'ठिपकेवाला', मोरिवाकी 'म्हातारा बगळा'. खरं नाव फक्त विभागप्रमुखाचं, मोठ्या अक्षरांत. टोपणनावं तर टोपणनावं, पण होती. मोरिवाकींची आई तोत्तोरीच्या खेड्यात. नातवाने गेम संपवून तिला तो 'म्हातारा बगळा' दाखवला होता आणि तिने शेजाऱ्यांना बोलावून दाखवला होता. त्या रात्री मोरिवाकी नुसतं "हरकत नाही" म्हणाले आणि चहा मागितला.

शिबुतानीच्या खोलीत काय झालं ते चिझुरुने मला शब्द न् शब्द सांगितलं.

"धूर? धुराने शांतता बुजेल?"

"बुजायची नाही. ऐकू येईल."

"जागा?"

"आमची तिघांची नावं काढतो."

तो हसला. "टोपणनावंच ती. कोणाला कळणार आहे?"

"मग तुमचंही काढा ना. ते सगळ्यांत जास्त जागा खातं."

"विभागप्रमुखाचं नाव नसलेला गेम बाजारात गेला तर लोक काय म्हणतील?"

काय म्हणतील! काही म्हटलं नसतं लोकांनी. तो मेला असता तरी गेमचा एक ठिपका कमी झाला नसता. पण सही त्याची लागत होती. त्याचं नाव राहिलं, तर शांतता राहणार होती. चिझुरुने मान खाली घातली. माझ्या नणंदेने, जिने सख्ख्या भावाचं ऐकून घेतलं नाही, तिने त्या माणसापुढे मान खाली घातली. मी हे ऐकलं त्या सकाळी पाठ करताना माझे दोन श्लोक चुकले. उपाध्याय म्हणतात, अमिदा बुद्ध चांगल्याला घेतो तसा वाइटालाही घेतो. घेऊ दे. मला शिबुतानीच्या शेजारची जागा नको एवढंच.

नववर्षानंतर मावशींनी निरोप पाठवला, दुसरी खेप आलीय, या. चिझुरु आणि मी गेलो. दुकानातल्या टीव्हीपुढे पाच-सहा मुलं, आणि मधोमध नोदोका. हिने नवी कॅसेट घेऊन गेम आधीच संपवला होता. आता दुसऱ्यांदा खेळत होती, बाकीच्यांना दाखवायला.

"मावशी, तुम्ही पण बघा," ती चिझुरुला म्हणाली. "इथे काही दाबायचं नाही हं. ए, गप्प बसा सगळे!"

आज होडी नाही. वाटीचा नाद. एक मुलगा कॅसेटकडे वाकला तर नोदोकाने त्याच्या हातावर फटका मारला. "धूर बघ. बघत बसायचं." मुलं बसली. पाठमोरी बाई, तिच्यापुढे धूर. सरळ, डावीकडे, सरळ. बाहेर मासेवाला ओरडत होता, तो ऐकू येत होता. सेगावा मावशींनी गल्ल्याचा खण उघडायला धरला होता तो तसाच धरून ठेवला. मग तो एकटा सूर आला आणि सगळ्यांत लहान मुलाने नाक ओढलं.

"भारी आहे ना?" नोदोका म्हणाली. "आणि हे सगळं एका माणसाने केलंय. गाणी पण, चित्रं पण, गोष्ट पण. शेवटी नाव येतं. शिबुतानी."

माझं तोंड उघडलं होतं. चिझुरुने माझं मनगट असं आवळलं की बांगडी असती तर फुटली असती.

"हो का?" ती नोदोकाला म्हणाली. "बरा दिसतोय माणूस."

"खूप प्रेमळ असणार," नोदोका म्हणाली. "मी त्याला पत्र लिहिलंय."

चिझुरुने तिच्या ओल्या केसांवरून हात फिरवला, मावशींना वाकून नमस्कार केला आणि बाहेर पडली. इतकी भरभर चालली की मला खडावा हातात घ्यायची वेळ आली. नदीच्या पुलावर थांबली, कठडा दोन्ही हातांनी धरला आणि ओसाकाच्या भाषेत शिबुतानीला जे काही बोलली ते मी इथे लिहिणार नाही. सायकलवरचा एक पोलीस थांबून बघायला लागला.

"काही हरवलंय का, बाई?" त्याने विचारलं.

"नाही," मी म्हणाले कसली, मी ओरडलेच. "तिला बोलू द्या!"